थर्स्टन राहिला

श्रीरंग वानखडेबरोबर गाडीतून कुठे जायचं म्हटलं, की मी घरून निघतानाच दीड तास जास्तीचा धरते. तो हळू चालवतो असं नाही. वाटेत एखाद्या काउंटीचं कोर्ट हाऊस आलं, की त्याची गाडी तिकडे वळते. आपल्याकडे जिल्हा तशी इथे काउंटी, आणि जिल्ह्याची कचेरी तसं इथलं कोर्ट हाऊस. बहुतेक वेळा शनिवार असतो, कचेरीला कुलूप असतं, गावात चिटपाखरू नसतं. हा मात्र उतरतो, पायऱ्यांवर दोन्ही पाय नीट टेकवून उभा राहतो, इमारतीचा एक फोटो काढतो, खिशातल्या वहीत काहीतरी लिहितो आणि परत गाडीत येऊन बसतो. "झालं, मावशी," म्हणतो आणि सीटबेल्ट लावतो.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. मी मूळची पुण्याची, त्यामुळे कुणाला वेड्यात काढायला मला फार वेळ लागत नाही.

आम्ही वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला एकाच वसाहतीत राहतो. श्रीरंग अमरावतीचा, वय शेहेचाळीस, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दिसायला असा, की दोनदा भेटलात तरी तिसऱ्यांदा ओळख पटणार नाही. मंडळाच्या गणपतीत तो स्टेजवर कधी सापडायचा नाही. पार्किंगमध्ये पिवळं जाकीट घालून लोकांच्या गाड्या लावून देताना सापडेल. मी दिलेला डबा त्याने आजवर कधी रिकामा परत केलेला नाही. बायको आश्लेषा एका दवाखान्यात नोकरी करते, आणि मुलगी ऋता आता सोळा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चालतं.

श्रीरंग अडकलेला आहे, आणि याचा मला राग येतो. त्याचा राग येतो की त्याला अडकवणाऱ्या कागदांचा, ते त्या त्या दिवसावर अवलंबून असतं.

कागदांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती कळली नाही तर श्रीरंग कळायचा नाही. चौदा वर्षं तो ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. इथे राहायचा आणि काम करायचा परवाना त्याच्याकडे आहे, दर तीन वर्षांनी तो वाढवून मिळतो. पण पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. म्हणजे इथे राहायला हरकत नाही आणि इथून बाहेर पडायलाही कुणी अडवत नाही. अडवतात ते परत आत येताना. भारतात गेलं की नवा शिक्का घ्यायचा, त्यासाठी मुलाखतीची तारीख मिळवायची, आणि ती तारीख कधी मिळेल, मिळालेली टिकेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. तिकडे अडकून पडलास तर इथली नोकरी गेली. नोकरी गेली की आश्लेषाचा परवानाही गेला, कारण तो याच्याच परवान्याला बांधलेला. मग ऋताची शाळा गेली आणि चौदा वर्षांची रांगही बहुधा गेली.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत सात वर्षं त्याने अमरावती पाहिली नव्हती. आधी महामारी आली. मग कंपनीने माणसं कमी केली आणि याला दुसरी शोधावी लागली. मग तारखा मिळेनात. दर वर्षी एक नवं कारण, आणि खोटी कारणं काढायची त्याला कधी वेळच आली नाही.

मी स्वतः तीस वर्षांपूर्वी इथे आले. आमचं कार्ड चार वर्षांत हातात पडलं होतं, आणि आज माझ्याकडे इथला निळा पासपोर्ट आहे. मनात आलं की मी तिकीट काढते, जाते, महिनाभर पुण्यात वाद घालते आणि परत येते. श्रीरंगला हे सांगताना माझी जीभ अडखळते. मी काही विशेष हुशारी केली नव्हती, लवकर आले एवढंच.

आता ताईबद्दल.

सुवर्णाताई ही श्रीरंगची मोठी बहीण, त्याच्याहून पंचवीस वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनेच वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. ती अमरावतीच्या भूमी अभिलेख कार्यालयात ट्रेसर होती. म्हणजे जुने गावनकाशे फाटायला आले, की त्यांच्यावर पारदर्शक कागद ठेवून ते जसेच्या तसे उतरवून काढायचे. बांध, नाले, विहिरी, वाटा. छत्तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या जमिनींच्या रेघा ओढल्या. श्रीरंग म्हणतो, लहानपणी ताई त्याला गोष्टी सांगायची त्या शेतांच्या. हे शेत कुणाचं, आधी कुणाचं होतं, कुणाच्या हातून कुणाकडे गेलं.

चार वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणजे तीही अडकली, चार तास एका खुर्चीला आणि उरलेले दिवस त्या खुर्चीच्या आसपास. तिने इकडे येण्याचा प्रश्नच उरला नाही. तिला आनंदात ठेवायचं म्हणून श्रीरंग दर आठवड्याला तिला फोन करू लागला. आमची शनिवार संध्याकाळ, त्यांची रविवार सकाळ. पण सांगायचं काय? याच्या आयुष्यात काही घडतच नव्हतं. ऑफिस, घर, वकिलाची ईमेल.

मग एका रविवारी तिनेच विचारलं, "तू राहतं ते कोणत्या जिल्ह्यात येते?"

"किंग काउंटी."

"कोण हा किंग?"

याला सांगता येईना. दहा वर्षं त्या काउंटीत राहून तिचं नाव कुणावरून पडलं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ताईने त्याची अशी हजेरी घेतली, की तो आजही ते सांगताना कानाला हात लावतो. ज्या जमिनीवर झोपतं तिचा सातबारा माहीत नाही तुले, म्हणाली.

पुढच्या आठवड्यापर्यंत याने शोधून काढलं. अठराशे बावन्नमध्ये काउंटी झाली तेव्हा देशाचा उपराष्ट्राध्यक्ष निवडून आला होता, त्याचं आडनाव किंग. राहणारा पार दुसऱ्या टोकाच्या अलाबामाचा, गुलाम बाळगणारा, आणि इकडे कधी फिरकलाही नव्हता. पद मिळाल्यावर महिन्या-दीड महिन्यात वारला. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी इथल्या लोकांना वाटलं, हा माणूस आपल्याला नको. तेव्हा त्यांनी नाव तेच ठेवून माणूस बदलला. त्याच आडनावाचा, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढून गोळी खाल्लेला नेता आता त्या नावाचा धनी आहे.

"फेरफार झाला म्हणायचा!" सुवर्णाताई इतकी हसली म्हणे, की शेजारीण बघायला आली. "सातबारावर नाव तेच, मालक दुसरा. असा फेरफार छत्तीस वर्षांत नाही पाह्यला मी."

आणि तिथून हे खूळ सुरू झालं. वॉशिंग्टन राज्यात एकोणचाळीस काउंट्या. तिने कुठूनतरी राज्याचा नकाशा छापून आणला, त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि जुन्या हाताने सगळ्या सीमा उतरवून काढल्या. कागद कोरा. अट अशी, की श्रीरंगने त्या काउंटीच्या कचेरीपुढे पाय टेकवल्याशिवाय आणि नाव कुणाचं ते सांगितल्याशिवाय ती तिथे रंग भरणार नाही. मोजणी केल्याशिवाय नकाशावर काही चढत नाही, हा तिच्या खात्याचा नियम. रंगही तिनेच ठरवले. ज्यांचं तिथे राहणं-वावरणं होतं त्यांना हिरवा. जे कुठेतरी लांब खुर्चीत बसून होते आणि ज्यांचं नाव इथे फुकट चढलं, त्यांना पिवळा.

राष्ट्राध्यक्ष मंडळी बहुतेक पिवळी झाली. ग्रँटवर मात्र दोन रविवार वाद चालला, कारण तो लष्करात असताना वर्षभर इथे राहून गेला होता. शेवटी त्याच्या काउंटीत ताईने नुसत्या हिरव्या रेघा मारल्या. ज्या टोळ्यांची नावं काउंट्यांना आहेत, त्या मात्र पहिल्या रविवारापासून हिरव्या. "हे मूळ कब्जेदार," ती म्हणायची. "नाव ठेवलं, जमीन काढून घेतली. आमच्याकडेही असंच होते."

आश्लेषाला हे सगळं आधी वेळ घालवणं वाटायचं. नंतर तिच्या लक्षात आलं, की देशाबाहेर जायला घाबरणारा हा माणूस राज्यातल्या राज्यात का होईना, हलतोय. मग ती दशम्या बांधून देऊ लागली. ऋता दोन-चारदा गेली आणि कंटाळली. तेव्हा रिकामटेकडी म्हणून माझी नेमणूक झाली. गारफिल्ड काउंटीला मी होते. सगळ्या राज्यात सगळ्यात कमी वस्तीची काउंटी, कचेरीच्या माथ्यावर न्यायदेवतेचा पुतळा, आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. श्रीरंगने ते ताईला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते.

"उघडे डोळे?" ताई म्हणाली. "बरं हाय. मंग तिले तुझी फाइल दाखव."

आम्ही सगळे हसलो. श्रीरंगही हसला. आणि फोन ठेवायच्या आधी, दर वेळी विचारायची तसं तिने विचारलं, "मंग कधी येतं?"

"तारीख मिळाली की निघतो, ताई."

हेच वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की पुढे पुढे ऐकू येईनासं झालं होतं.

मागच्या जूनमध्ये आम्ही वाकायकमला गेलो. कोलंबिया नदीकाठची इवलीशी काउंटी, तिथल्या एका जमातप्रमुखाच्या नावाची. ही अडतिसावी. म्हणजे एकच राहिली होती, थर्स्टन. आणि हे मला पटेना. थर्स्टनमध्ये राज्याची राजधानी आहे, ऑलिम्पिया. आमच्या घरापासून सव्वा तास. पार दुसऱ्या टोकाला सहा-सहा तास गाडी हाणून आलेला माणूस, हे दाराशी असलेलं ठेवतो? त्या दिवशी जाताना आम्ही ऑलिम्पियावरूनच गेलो. मी म्हटलं, "अरे, इथे वळ की, करून टाकू." त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी आणखी जोरात घेतली.

परतताना मला उतरायची गरज होती. हमरस्त्यावरच्या विश्रांतीच्या जागी त्याने गाडी थांबवली. मी जाऊन आले तर हा आपला स्टीअरिंग धरून आतच बसलेला. तीन तास गाडी चालवलेला माणूस, आळस द्यायलाही उतरला नव्हता.

"उतर, पाय मोकळे कर," मी म्हटलं.

"नको, मावशी. इथे थर्स्टन लागतं."

"मग?"

"पाय टेकला तर झालं असं धरावं लागेल."

माझं डोकं फिरलं. गाडीचं दार उघडं धरून मी त्याला जे बोलले ते आता लिहीत नाही. तिकडे ती बाई रंगपेन्सिल हातात धरून बसलीय, आणि तू इथे पाय वर घेऊन बसतोस? शेवटची झाली म्हणजे खेळ संपेल म्हणून घाबरतोस का? घाबरण्यासारखं काय आहे त्यात?

मग खिशातली वही काढून त्याने माझ्या हातात दिली. थर्स्टनचं पान लिहून तयार होतं, तारीख दोन वर्षांपूर्वीची.

सॅम्युएल थर्स्टन. तेव्हा हा सगळा मुलूख ऑरेगॉन म्हणून ओळखला जायचा. या मुलखाने आपला पहिला प्रतिनिधी म्हणून त्याला देशाच्या राजधानीत पाठवलं. बायको आणि दोन मुलं मागे ठेवून गेला. माणूस काही संत नव्हता, त्याने करून घेतलेल्या जमिनीच्या कायद्यात बऱ्याच जणांवर अन्याय झाला. दीड-दोन वर्षं तिकडे काढली. काम संपलं, बोटीने घरी यायला निघाला, आणि वाटेत तापाने वारला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्याला पुरलं. वय चौतीस. पुढच्या वर्षी काउंटी झाली, तिला त्याचं नाव दिलं.

"घरी येता येता गेला," श्रीरंग म्हणाला. "हे मी ताईला कसं सांगू, मावशी? ती लगेच विचारेल, कधी येतं? त्या गोष्टीनंतर मी तेच उत्तर देऊ?"

"मग दोन वर्षं तिला काय सांगतोयस?"

"कोर्ट हाऊसचं काम चालू आहे म्हणून."

मी गाडीत बसले आणि दार लावून घेतलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

जुलैत ताईच्या हातातली नस बंद पडली. डायलिसिससाठी हातात जी नस तयार करून ठेवलेली असते, ती. पाच दिवस दवाखान्यात होती. नवी नस करायची तर शरीर साथ देईल की नाही, याबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलेनात. ते स्पष्ट बोलत नाहीत याचा अर्थ काय, तो आम्हाला सगळ्यांना कळत होता. श्रीरंगने त्या पाच दिवसांत वकिलाला सहा वेळा विचारलं. वकिलाने सहाही वेळा तेच उत्तर दिलं: जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण गेलात तर परत कधी याल ते सांगता येत नाही.

ती घरी आल्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले होते. फोन चालूच होता. जेवणाच्या टेबलावर फोन उभा केलेला, समोर श्रीरंग, बाजूला आश्लेषा भाजी निवडत बसलेली, ऋता सोफ्यावर. मी मागे खुर्ची ओढून बसले. पडद्यावर ताई उशीला टेकून बसली होती. चेहरा निम्मा झाला होता, हाताला पट्टी, पण चष्मा लावलेला आणि मांडीवर तो नकाशा.

"थर्स्टन राहिला," ती म्हणाली.

"हो ताई, तिथे अजून काम..."

"दोन वर्षं? पाह्य बापू, अमरावतीतला उड्डाणपूल आहे काय तो?"

ऋता सोफ्यावरून फिस्सकन हसली. श्रीरंगला हसू आलं नाही.

"मोबाइल मलेही येते," ताई म्हणाली. "दवाखान्यात पडल्या पडल्या काय करू? वाचून काढलं सगळं. घरी येता येता बोटीत मेला तो. म्हणून तू मले सांगत नव्हता, नाही काय?"

श्रीरंगने मान खाली घातली.

"मले वाईट वाटन म्हणून?"

"हो."

"श्री, तो मेला ते झालं. पण तो निघाला तं होता ना रे."

आश्लेषाचा हात भाजीत थांबला. ताईने श्रीरंगकडे पाहिलं, नकाशाची घडी केली आणि म्हणाली की आता तिला झोप येतेय. कधी येतं, हे त्या दिवशी तिने विचारलं नाही. फोन बंद झाला. श्रीरंग काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. शेहेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या मुलीसमोर असा रडताना मी पाहिला नव्हता.

बोलली ती आश्लेषा. "श्री, तू जा. सात वर्षं मीच नको म्हणतेय. तू कधी तसं बोलून दाखवलं नाहीस, पण मला माहितीये. आज मी जा म्हणतेय. उद्या सकाळी मी परत नको म्हणेन, तेव्हा आत्ताच्या आत्ता तिकीट बुक कर."

त्याने केलं. ऋताने लॅपटॉप आणून दिला आणि ती त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली.

विमानतळावर मीच सोडायला गेले. आश्लेषाला रजा नव्हती, आणि ती आली असती तर तो गेला नसता, असं मला आजही वाटतं. कंपनीने तीन महिने थांबू म्हणून सांगितलं होतं. मुलाखतीची एक तारीखही अचानक मिळाली होती, तीन आठवड्यांनंतरची. सगळं जुळून आल्यासारखं दिसत होतं. मी गाडीतून त्याची बॅग काढली तेव्हा त्याने खिशातली वही माझ्याकडे दिली.

"थर्स्टन तुम्ही करा, मावशी. ऋताला घेऊन जा. ताईला सांगितलंय मी, माझ्या वतीने वारस उभा राहिला तर चालेल म्हणाली."

"तूच कर की आल्यावर. तीन महिन्यांत येतोयस ना?"

तो हसला आणि वळला. मी पुणेरी बाई, विमानतळावर डोळ्यांतून पाणी काढत नाही. त्या दिवशी काढलं.

तो पोहोचला. दुसऱ्या दिवशी फोटो आला: ताई खुर्चीत, हातात सुया, आणि शेजारच्या स्टुलावर हा, गुडघ्यावर नकाशा धरून. सात वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. नवी नस केली, ती धरली. ताई दोन घास जास्त जेवू लागली. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, उगाच घाबरत होतो सगळे.

मुलाखतीला चार दिवस उरले असताना ईमेल आली. तारीख रद्द. नवी तारीख पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली. याच्या एकट्याची नव्हे, हजारो जणांची तशीच पुढे ढकललेली. मेपर्यंत म्हणजे आणखी नऊ महिने. कंपनी थांबणार होती नोव्हेंबरपर्यंत.

आश्लेषा चार दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही. पाचव्या दिवशी येऊन तिने विचारलं, की घर आवरायचं झालं तर फर्निचर कुणाला द्यायचं. ऋता या वर्षी अकरावीत आहे. शाळेतून आली की ती बाबाचं पिवळं जाकीट घालून बसते, आणि कुणी काही म्हटलं की थंडी वाजते म्हणते.

ऑक्टोबरात एका शनिवारी मी तिला म्हटलं, "चल, थर्स्टन करून येऊ." नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती बूट घालून दारात उभी राहिली.

ऑलिम्पियाचं कोर्ट हाऊस टेकडीवर आहे. साध्या, बसक्या इमारती, काही बघण्यासारखं नाही. कसलंही काम चालू नव्हतं. संध्याकाळचे सहा वाजले होते, एकही गाडी नव्हती. ऋता पायऱ्यांवर गेली आणि बाबा उभा राहायचा तशी दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. मला काही सांगावं लागलं नाही. मी फोन लावला. तिकडे रविवार उजाडत होता. पडद्यावर ताई आणि तिच्या मागे श्रीरंग, हातात चहाचा कप घेऊन.

"आत्या, आय ॲम हिअर," ऋता म्हणाली. "पाय टेकले. बोथ."

"सांग मंग. कोणाचं नाव?"

ऋताने वही उघडली. बाबाचं मराठी अक्षर तिला नीट लागत नव्हतं. ती अडखळत वाचत गेली, प्रतिनिधी शब्दावर अडली, तो मी सांगितला. बायको-मुलं मागे ठेवून गेला, हे वाचताना तिचा आवाज खाली आला. पण थांबली नाही. "घरी यायला निघाला, आणि वाटेत तापाने वारला," इथपर्यंत आली आणि तिने वही मिटली.

"हाव," ताई म्हणाली. "आता तूच सांग, रंग कोणता भरू? इथं राहायचा तो, पण कामासाठी लांब होता. हिरवा का पिवळा?"

"ग्रीन," ऋता म्हणाली. "ही वॉज कमिंग होम, आत्या."

ताईने मान डोलावली. श्रीरंगने पेन्सिल तिच्या हातात दिली आणि कागद सरकू नये म्हणून कडेला हात ठेवला. फोन नकाशाच्या वर धरला होता, तेव्हा मला तो पहिल्यांदा पूर्ण दिसला. अडतीस काउंट्या भरलेल्या, आणि खाली समुद्राच्या टोकाशी एवढासा पांढरा तुकडा. ताई हळूहळू कडेकडेने रंग भरू लागली. तिचा हात अजून थरथरत नव्हता.

"बाबा," ऋताने विचारलं. मराठीत विचारलं, बहुतेक ताईलाही कळावं म्हणून. "तू कधी येणार?"

श्रीरंगने कप खाली ठेवला. तो विचार करत नव्हता. ते वाक्य त्याच्या तोंडात सात वर्षं तयार होतं.

"तारीख मिळाली की निघतो, बाळा."

सुवर्णाताईची पेन्सिल कागदावरच थांबली.